प्ररोचना आणि सहवास : अद्भुत भूमिका-खेळांतील करुणाविषयी

मराठीतील अद्भुतरम्य कथनाचा विचार आपल्या समीक्षेने बहुतांशी वाङ्मयेतिहासाच्या अंगाने केला आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांची नावे येतात ती हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीकडे जाणाऱ्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या म्हणून. अद्भुत ही वाङ्मयाची बाल्यावस्था आणि वास्तव ही त्याची प्रौढी, असे एक गृहीत या मांडणीत दडलेले असते. त्यामुळे अद्भुताच्या आश्रयाने करुण कसा उभा राहतो, ज्या जगात काहीही घडू शकते त्या जगात एखाद्याचे मरण आपल्याला का भिडावे, हा मूलगामी प्रश्न आपल्याकडे जवळजवळ अस्पर्शित राहिला. आज तो प्रश्न विचारला जातो आहे, पण साहित्याच्या परिघाबाहेर. अद्भुतरम्य व्हिडिओ गेम खेळणारे चाहते एखाद्या आगामी खेळाचा ट्रेलर पाहून जी चर्चा करतात तिच्या मुळाशी नेमका हाच प्रश्न असतो.

या खेळांचा जो प्रकार येथे अभिप्रेत आहे त्याला आपण भूमिका-खेळ म्हणू. खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो, वाटेत साथीदार जोडतो, त्यांना शस्त्रे आणि विद्या देतो, आणि एका कल्पित भूप्रदेशातून वाटचाल करतो. ही वाटचाल तीस-चाळीस तासांची, क्वचित शंभराच्याही पुढे जाणारी असते. ट्रेलर त्याआधी काही महिने येतो आणि दोन-तीन मिनिटांत संपतो. चाहते तो थांबवून थांबवून, चौकट-चौकट करून पाहतात. त्यांचा वाद निसर्गचित्रणावर आणि युद्धपद्धतीवर होतोच; परंतु चर्चा तापते ती निराळ्या ठिकाणी. शेवटी ऐकू येणारे सुरावटीचे चार स्वर कोणाच्या वियोगाचे आहेत, पाठमोरी उभी असलेली व्यक्ती परत येणार की नाही, हा खेळ आपल्याला रडवील काय, आणि ते रडणे खरे असेल की ओढूनताणून आणलेले, हे प्रश्न ज्या गांभीर्याने घेतले जातात ते पाहता त्यांना केवळ ग्राहकांची उत्सुकता म्हणून बाजूला सारता येणार नाही. ही रसचर्चाच आहे. तिची परिभाषा तेवढी वेगळी आहे.

जेरार झेनेतने संहितेच्या भोवती असणाऱ्या शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ, जाहिरात इत्यादी गोष्टींना संहितेचा उंबरठा मानले (१९८७). ट्रेलर हा असा उंबरठा आहे, हे कोणीही मान्य करील. मात्र उंबरठ्याची ही कल्पना आपल्याला नवीन वाटण्याचे कारण नाही. नाट्यशास्त्रात पूर्वरंगाचे एक अंग आणि भारती वृत्तीचा एक भेद म्हणून प्ररोचना सांगितली आहे. प्रेक्षकांना प्रयोगाकडे उन्मुख करणे हे तिचे काम. हर्षाच्या ‘रत्नावली’तील सूत्रधार प्रयोगाच्या आरंभी काय सांगतो, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कवी निपुण आहे, परिषद गुणज्ञ आहे, वत्सराजाचे चरित्र लोकांना प्रिय आहे आणि आम्ही नट कुशल आहोत, असे तो सांगतो. तो कवीचे नाव घेतो, कथेचे नाव घेतो, नटांची ग्वाही देतो, प्रेक्षकांची स्तुतीही करतो. फक्त एक गोष्ट तो करत नाही. ‘तुमच्या चित्तात शृंगार उत्पन्न होईल’ असे तो म्हणत नाही.

हा संयम शिष्टाचाराचा नाही, शास्त्राचा आहे. रस हा शब्दाने सांगता येत नाही, विभावादिकांच्या द्वारा तो केवळ व्यंजित होतो, ही आनंदवर्धनाची भूमिका. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसदोषांची गणना करताना आरंभीच स्वशब्दवाच्यता ठेवली ती याच भूमिकेतून. ‘येथे करुण आहे’ असे म्हटल्याने करुण निर्माण होत नाही. उलट होऊ घातलेला विरतो. आजचा भूमिका-खेळाचा ट्रेलर नेमका या दोषाचा आश्रय करतो. मंद पियानो, एका डोळ्यातून ओघळणारा अश्रू, अर्धवट तुटलेले वाक्य, आणि काळ्या पडद्यावर दिवसाचा व महिन्याचा आकडा. यातील प्रत्येक गोष्ट म्हणजे ‘शोक’ हा शब्दच, फक्त चित्ररूपाने उच्चारलेला. ज्या पात्राचा अश्रू आपण पाहतो ते पात्र अद्याप आपल्याला अनोळखी असते. आलंबन विभाव नाही, तरी अनुभाव मात्र पुढे केला आहे. चाहत्यांच्या चर्चेतील जी कुरबुर ‘हे फार रडवायला निघाले आहेत’ अशा अर्थाची असते, तिला मम्मट माहीत नसेल. पण तिने बोट ठेवले आहे ते याच जागेवर.

तरीही प्ररोचनेचा सगळा विचार दोषात संपवणे उतावळेपणाचे होईल. लोकरंगभूमीकडे पाहिले तर तिचे आणखी एक अंग दिसते. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे पंढरपूर मानले जाते. भाऊ-बापू मांग यांचा आणि पुढे विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचा फड याच गावाचे नाव लावून महाराष्ट्रभर फिरला. चैत्रातल्या यात्रा-जत्रांच्या तोंडावर येथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा समितीचे लोक येऊन सुपारी ठरवतात. बाहेर लावलेल्या फलकांवर वगाला ‘हृदयद्रावक’, ‘रोमहर्षक’ अशी विशेषणे लावण्याचा प्रघात जुना आहे. पण सुपारी द्यायला आलेला माणूस विशेषण वाचून पैसे मोजत नाही. फड कोणाचा, सोंगाड्या कोण, वग कोणता, नायिकेचे काम कोण करणार, याची तो चौकशी करतो. म्हणजे नकळत तो सूत्रधाराकडून जे ऐकायचे तेच मागतो : कवी, कथा आणि नट. रस त्याने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. परिषद गुणज्ञ असणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही. (याच सुपारीने तमाशाचे रूपही पालटले, वग आक्रसला आणि चित्रपटगीतांनी त्याची जागा घेतली, ही दुसरी बाजू आहे. तिचा मुद्दा पुढे येईल.)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्ररोचना करुण देऊ शकत नसेल, तर या खेळांत तो येतो कोठून? यासाठी एक उदाहरण थोडे विस्ताराने घेणे भाग आहे. जपानच्या स्क्वेअर या संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केलेला ‘फायनल फँटसी ७’ हा खेळ या प्रकारातील करुणाचा आद्य आणि अजूनही अनिवार्य संदर्भ आहे. त्यात एरिथ नावाची एक फुले विकणारी मुलगी क्लाउड या नायकाची सोबतीण होते. कथेच्या पूर्वार्धाच्या अखेरीस, ती प्रार्थनेत बसलेली असताना, सेफिरोथ हा प्रतिनायक तिचा वध करतो. अमेरिकेत या खेळाच्या ज्या दूरदर्शन-जाहिराती झाल्या त्यांचा सारा भर चित्रपटासारख्या, आधीच चितारून ठेवलेल्या दृश्यांवर होता; खेळ प्रत्यक्ष खेळतात कसा, हे त्यांतून फारसे कळत नव्हते. आणि एरिथच्या मृत्यूचा परिणाम समजून घ्यायचा तर वधाचे ते चितारलेले दृश्य पुरेसे नाही. ते दृश्य आजच्या नजरेला बरेच साधे, काहीसे बाहुल्यांचे वाटते. परिणाम आहे तो त्याच्या अलीकडे आणि पलीकडे.

अलीकडे म्हणजे असे. एरिथ ही लढाईत इतरांच्या जखमा भरून काढणारी आहे. कित्येक तास खेळणाऱ्याने तिला सोबत घेतलेले असते, तिच्या हाती काठी दिलेली असते, तिची विद्या वाढवलेली असते. दुसऱ्या कोणाचा प्राण कंठाशी आला की बोटे आपोआप तिच्या नावाकडे वळतात. तिच्यावरचा हा भरवसा कोणत्याही संवादात लिहिलेला नाही. तो खेळणाऱ्याच्या सवयीत लिहिलेला आहे. आणि पलीकडे म्हणजे, वध होताच लगेच एक युद्ध सुरू होते आणि या युद्धाला नेहमीचे रणवाद्य नाही. उएमात्सु नोबुओ यांनी रचलेली एरिथची सुरावट तशीच चालू राहते. खेळणाऱ्याला आज्ञा द्याव्या लागतात, वार करावे लागतात, आणि जखम भरायची वेळ येते तेव्हा ते नाव तेथे नसते. करुणाचा अनुभाव येथे पडद्यावरच्या पात्राच्या डोळ्यांत नाही, खेळणाऱ्याच्या बोटांत आहे. पुढे वर्षानुवर्षे तिला परत जिवंत करण्याच्या गुप्त युक्तीच्या वावड्या जगभर फिरत राहिल्या. तशी युक्ती नव्हती. पण वावड्या उठाव्यात, यात त्या सवयीचे बळ दिसते.

अद्भुताने करुण उत्पन्न केला नाही, सहवासाने केला, हे येथे नोंदवायला हवे. अद्भुताने फक्त सहवासाला प्रदेश दिला. आणि हे कथनतत्त्व आपल्याला अपरिचित नाही. नारायणगावहून आळेफाट्यावर येऊन नगरच्या रस्त्याला लागले की राजुरीच्या अलीकडे आळे गाव येते. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी येथे आहे. परंपरा अशी की, चौघी भावंडे नेवाशाहून आळंदीला परतत असताना तो त्यांच्यासोबत चालत होता; आळ्याला त्याने देह ठेवला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली. ऐतिहासिक सत्यासत्याचा विचार येथे अप्रस्तुत आहे. कथेची बांधणी लक्षात घेण्याजोगी आहे. कथेतील अद्भुत सारे पैठणला घडून गेले. वेद वदवून झाल्यावर रेड्याचे कथाप्रयोजनही संपले. एखादा घाईचा निवेदक त्याला तेथेच सोडून देता. परंतु लोककथनाने त्याला सोडले नाही. त्याला वाटेला लावले, भावंडांच्या पावलाला पाऊल देऊन चालवले आणि मग वाटेतच थांबवले. राजुरी-आळ्याच्या परिसरातला माणूस समाधीपुढे हात जोडतो तो वेदोच्चाराच्या चमत्कारासाठी जितका, तितकाच एका वाटसोबत्यासाठी. एकच पात्र अद्भुताचे आलंबन आहे आणि करुणाचेही. पण दोहोंच्या जागा वेगळ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये पायी चाललेले अंतर आहे. हे अंतर काढून टाकले तर आळ्याची समाधी हा पैठणच्या चमत्काराचा केवळ परिशिष्ट-भाग उरेल.

यावर एक सैद्धांतिक आक्षेप येऊ शकतो, आणि तो हलका नाही. अभिनवगुप्ताने रसविघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न मानले आहे. खेळणाऱ्याला एरिथची उणीव भासते ती जखमा भरणारे कोणी उरले नाही म्हणून भासत असेल, तर तो शोक लौकिक ठरतो. मोडलेल्या अवजाराबद्दलच्या हळहळीहून तो फार वेगळा नाही. साधारणीकरण झालेच नाही, मग रस कसला? प्रेक्षक रंगमंचावरच्या रामाच्या जागी कृती करत नाही, म्हणूनच त्याला रामाचा शोक आस्वादता येतो. खेळणारा तर कृतीच करतो.

या आक्षेपाचे उत्तर संस्कृत परंपरेपेक्षा आपल्या आधुनिक परंपरेत अधिक सोयीने सापडते, असे मला वाटते. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक परक्या अनुभवाशी समरस होतो, पण आपले वेगळेपण विसरून नव्हे. आपण आपणच राहून दुसरे होण्यात आनंद आहे, असा तिचा मथितार्थ. साहित्याच्या संदर्भात ही कल्पना पुरेशी ठरत नाही अशी टीका झाली, आणि ती बरीचशी रास्त होती. कारण शब्दापुढे बसलेल्या वाचकाचे ‘दुसरे होणे’ हे अखेर रूपकच होते. भूमिका-खेळात ते रूपक राहत नाही. खेळणारा क्लाउडला चालवतो, पण क्लाउड काय बोलणार ते त्याच्या हाती नाही; युद्धात वार त्याचा, पण प्रार्थनास्थळी पाऊल उचलायला हवे तेव्हा आज्ञा घेणारे बटण निकामी. कर्तृत्व आणि असहायता यांची ही आलटून-पालटून येणारी अवस्था म्हणजे विकल्पासह समाधीच होय. अवजाराबद्दलची हळहळ ज्या क्षणी ‘आता काही करता येत नाही’ या जाणिवेत परिणत होते त्या क्षणी ती खेळणाऱ्याची एकट्याची राहत नाही. तेथे साधारणीकरण सुरू होते. केळकरांची कल्पना तिच्या काळात थोडी अकाली होती, एवढेच म्हणता येईल.

आता राखून ठेवलेला मुद्दा. प्ररोचना केवळ आश्वासन देऊन थांबत नाही. मागणी बळावली तर ती कृतीला आकार देऊ लागते. ‘फायनल फँटसी ७’ची पुनर्रचना तीन भागांत करण्याचे ठरले, पहिला भाग २०२० साली आणि दुसरा, ‘रीबर्थ’ या नावाचा, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. एरिथचा मृत्यू याच भागात येणार हे सर्वांना ठाऊक होते. पहिल्या भागातच ‘विधिलिखित बदलता येते’ असे सूचन करून ठेवल्यामुळे चाहत्यांच्या चर्चेत एकच प्रश्न उरला : या वेळी ती वाचेल काय? ट्रेलरांनी तो प्रश्न मिटवला नाही, जोपासला. आणि कृतीने अखेर त्या प्रश्नाचीच आज्ञा मानली. क्लाउड तलवार अडवतो असे क्षणभर दिसते, मग रक्त दिसते. ती गेली आहे आणि तरी क्लाउडला ती दिसते. हे दृश्य तांत्रिकदृष्ट्या १९९७च्या दृश्याहून कितीतरी सरस आहे. पण ते संपल्यावर खेळणाऱ्याच्या मनात शोकाऐवजी जिज्ञासा असते. नेमके काय झाले, किती जगे आहेत, कोणते खरे? करुणाची जागा कोड्याने घेतली. संधिग्धता हा आधुनिक कथनाचा गुण मानला जातो, त्यामुळे या शेवटाचे समर्थन करणारेही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आळ्याला जाणारा कोणीही ‘रेडा या खेपेला आळंदीपर्यंत पोहोचेल काय’ असे विचारत नाही. कथा ठाऊक असल्याने त्याचा भाव उणावत नाही. ठाऊक असलेले मरण करुणाला बाधक नसते. बाधक असते ती त्या मरणाबद्दल जाणूनबुजून जागी ठेवलेली शंका. वग आक्रसण्यात सुपारीचा जो हात होता, तसा काहीसा हात येथे ट्रेलरभोवतीच्या कोलाहलाचा आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण फ्रान्समधील माँपेलिये येथे झालेल्या ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ या एप्रिल २०२५च्या खेळाचे देता येईल. त्याचा ट्रेलर मृत्यू लपवत नाही, तोच कथेचे सूत्र म्हणून सांगून टाकतो. एक चित्रकर्ती दरवर्षी एका शिळेवर आकडा रंगवते, त्या वयाची माणसे विरून जातात आणि दरवर्षी आकडा एकाने उतरतो. कोण मरणार हा प्रश्नच उरत नाही. आरंभीच गुस्ताव्ह हा नायक आणि सोफी ही त्याची पूर्वीची प्रेयसी बंदराकडे चालत जातात. तिचा दिवस आज आहे. त्या दिवशी जाणाऱ्यांनी फुलांचे हार घातले आहेत. खेळणारा गुस्ताव्हला चालवतो. वाटेत लोक भेटतात, थोडे बोलणे होते, थोडी थट्टाही होते, आणि बंदरावर ती पाकळ्या होऊन विखुरते. हा सहवास चाळीस तासांचा नाही, घटकाभराचा आहे. तेव्हा सहवास तासांनी मोजण्याची चूक करू नये. तो सोबत चाललेल्या पावलांनी मोजला जातो. येथे मंद संगीतही आहे, अश्रूही आहेत; पण ते चालून झाल्यावर आलेले आहेत, म्हणून ते स्वशब्दवाच्य होत नाहीत.

आपल्याकडील प्रयत्न या निकषावर पाहणे उचित ठरेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आला. काटेकोर अर्थाने तो भूमिका-खेळ नव्हे, साहसखेळ आहे. पण त्याचे जग पुराणकथांचे आहे आणि मूळ भाव बहीण-भावाच्या ताटातुटीचा. राजीचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात. देवतांनी दिलेली शस्त्रे घेऊन ती त्याला शोधत जाते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा सांगितली जाते. मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्यात घरचे काही सापडेल. वास्तुरचना आणि रंगयोजना यांत हा खेळ खरोखर समृद्ध आहे. परंतु गोलू आरंभीच दृष्टीआड होतो. त्याच्याबरोबर आपण काही केलेले नसते. त्याने एखादे दार उघडून दिलेले नसते, की आपल्या पाठीवर बसून तो कोठे आलेला नसतो. ‘भाऊ’ हा शब्द तेवढा आपल्यापाशी असतो. आपल्या समाजात तो शब्द पुष्कळ काम करतो हे खरे, आणि निर्मात्यांनी त्यावरच विसंबणे समजण्यासारखे आहे. तरी तो शब्दच. राजी वाटचाल करते ती देवांच्या नजरेखाली, पण एकटी. अद्भुत तिच्या पावलोपावली आहे, सोबती नाही. त्यामुळे तिच्या शोधाबद्दल आपल्याला आदर वाटतो, ओढ मात्र फारशी वाटत नाही.

चाहत्यांच्या चर्चेचा एक भाग अजून उरतो, आणि तो ट्रेलरविषयी नसून पुन्हा खेळण्याविषयी आहे. ‘फायनल फँटसी ७’ दुसऱ्यांदा खेळणाऱ्यांपुढे एक व्यावहारिक प्रश्न असतो. एरिथ जाणार हे माहीत आहे. मग तिची विद्या वाढवायला वेळ का घालवायचा, उत्तम काठी तिच्या हाती का द्यायची? काही जण हिशेबी होतात. ते तिला शक्यतो मागे ठेवतात आणि पुढे उरणाऱ्यांवर मेहनत घेतात. काही जण मात्र सर्व ठाऊक असून तिला प्रत्येक वाटेवर सोबत नेतात, जे चांगले मिळेल ते तिला देतात. कीर्तनाच्या उत्तररंगातले आख्यान शंभरदा ऐकलेला श्रोता पुढच्या रांगेत येऊन बसतो, तो याच दुसऱ्या जातीचा.